गच्चीवरच्या बाटल्या

एक जुने छायाचित्र आहे. इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठाच्या रसायनशाळेची गच्ची, तिच्यावर ओळीने मांडलेल्या काचेच्या बाटल्या, चंबू आणि नळ्या, आणि त्यांच्याकडे बघत उभे असलेले एक दाढीवाले प्राध्यापक. आपल्याकडे वैशाखात छुंद्याच्या बरण्या दादरा बांधून उन्हात ठेवतात, तसाच काहीसा तो देखावा. फरक एवढाच, की या बाटल्या आठ-पंधरा दिवसांनी खाली येत नसत. काही महिनोन् महिने उन्हात राहत, काही तर वर्षभर. आत काय बदलले ते पाहण्यासाठी बाटली फोडायची, रसायने वेगळी करायची, मोजायची आणि वहीत लिहायचे.

हे प्राध्यापक म्हणजे जाकोमो चामिचान. हायड्रोजनवर चालणाऱ्या बस, हिरवा हायड्रोजन, सूर्यप्रकाशाने पाण्याचे विघटन अशा बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. त्यामागचा मूळ प्रश्न, म्हणजे झाडाचे पान उन्हात जे करते ते माणसाला काचेच्या भांड्यात करता येईल का, हा त्यांनी शंभर वर्षांपूर्वी जगापुढे इतक्या स्पष्टपणे मांडला होता, की आजही या विषयावरचे लेख पुष्कळदा त्यांच्यापासून सुरू होतात. मात्र त्यांच्या हयातीत त्यांचे कोणी फारसे ऐकले नाही.

चामिचान यांचा जन्म २७ ऑगस्ट १८५७ रोजी त्रिएस्ते या बंदरात झाला. घराणे मूळचे आर्मेनियन, इस्तंबूलहून येऊन तिथे स्थायिक झालेले. त्रिएस्ते तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते. बाजारात इटालियन, कचेरीत जर्मन आणि आसपासच्या गावांत स्लोव्हेन, अशा वातावरणात हा मुलगा वाढला. शिक्षणासाठी तो व्हिएन्नाला गेला. मूलद्रव्ये आणि संयुगे तापवली की त्यांतून जो प्रकाश बाहेर पडतो त्याच्या वर्णपटावर त्याने तिथेच पहिले संशोधन केले. म्हणजे प्रकाशाची ओढ अगदी तरुणपणापासूनची. डॉक्टरेट मात्र १८८० मध्ये जर्मनीतल्या गीसेन विद्यापीठाची.

त्याच वर्षी ते रोमला स्तानिस्लाओ कानिझारो यांच्या हाताखाली रुजू झाले. अणुभार कसे ठरवायचे याचा युरोपभरचा घोळ ज्यांनी निस्तरला ते हे कानिझारो. एका जुन्या मठाच्या इमारतीत त्यांची प्रयोगशाळा होती. तिथे चामिचान यांना पॉल झिल्बर हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ भेटले. पुढे तीसहून अधिक वर्षे या दोघांची नावे शोधनिबंधांवर जोडीनेच येत राहिली. विज्ञानाच्या इतिहासात इतकी टिकलेली जोडी विरळाच.

रोममध्ये त्यांनी हाती घेतला तो पायरोल हा पदार्थ. कार्बनचे चार अणू आणि नायट्रोजनचा एक, अशा पाच अणूंचे हे कडे. दिसायला क्षुल्लक, पण रक्ताला लाल करणारे हीमोग्लोबिन आणि पानाला हिरवे करणारे हरितद्रव्य या दोन्हींच्या गाभ्यात अशी चार-चार कडी एकमेकांना जोडलेली असतात. हीमोग्लोबिनमध्ये त्यांच्या मधोमध लोह असते, हरितद्रव्यात मॅग्नेशियम. पायरोलवरच्या कामाने चामिचान यांचे नाव झाले. १८८७ मध्ये त्यासाठी लिन्चेई अकादमीचे पारितोषिकही मिळाले. या कामाचा एक उपयोग थेट दवाखान्यात पोहोचला. त्या काळी जखमेवर आयोडोफॉर्म टाकत. ते जंतू मारत असे, पण त्याचा उग्र वास रुग्णाच्या अंगाला दिवसेंदिवस चिकटून राही. चामिचान आणि झिल्बर यांनी पायरोलच्या कड्यावर आयोडीनचे चार अणू बसवून जवळजवळ बिनवासाची भुकटी तयार केली. आयडॉल या नावाने ती काही वर्षे विकली गेली.

पण पायरोल चालू असतानाच, १८८५-८६ च्या सुमारास, त्यांनी आणखी एक साधा प्रयोग करून पाहिला होता. क्विनोन नावाचा पिवळा पदार्थ अल्कोहोलमध्ये विरघळवला, भांडे बंद केले आणि उन्हात ठेवले. काही काळाने क्विनोनचे हायड्रोक्विनोन झाले होते आणि अल्कोहोलचे अ‍ॅसिटाल्डिहाइड. आम्ल घातले नव्हते, आच दिली नव्हती. या दोन नावांकडे नीट पाहिले तर काय घडले ते कळते. अल्कोहोलने हायड्रोजनचे दोन अणू गमावले आणि क्विनोनने ते घेतले. म्हणजे प्रकाशाने एका रेणूतला हायड्रोजन काढून दुसऱ्याच्या ओटीत घातला.

पुढे अनेक दशकांनी वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणाचा तपशील उलगडला तेव्हा दिसले, की हिरव्या पानात पाण्यापासून निघालेला हायड्रोजन ज्या वाहकांच्या हातून पुढे सरकतो त्यांत एक महत्त्वाचा वाहक क्विनोनच असतो. १८८६ मध्ये हे कोणालाच माहीत नव्हते, चामिचान यांनाही नाही. पण पान जे करते त्याच्या एका पायरीचा नमुना त्यांच्या भांड्यात नकळत उतरला होता.

१८८७ मध्ये ते पादुआला प्राध्यापक झाले आणि १८८९ मध्ये बोलोन्याला. मग शेवटपर्यंत बोलोन्यातच राहिले. पायरोलचे काम बरेचसे संपवून १९०० च्या सुमारास ते झिल्बर यांच्यासह पुन्हा उन्हाकडे वळले, आणि पुढची चौदा-पंधरा वर्षे हेच त्यांचे मुख्य काम झाले.

गच्चीवरच्या या कामात चिकाटी किती लागत असेल, याची कल्पना आजच्या प्रयोगशाळेत बसून येत नाही. आज प्रखर दिव्याखाली तासाभरात होणाऱ्या अभिक्रियेसाठी त्यांना ऋतू मोजावे लागत. बोलोन्या हे पो नदीच्या खोऱ्यातले शहर. हिवाळ्यात तिथे धुके उतरते आणि सूर्य दिवसचे दिवस नीट दिसत नाही. त्यामुळे जे काय घडायचे ते बहुतेक उन्हाळ्यात. एखादा प्रयोग फसला, नळी तडकली किंवा आत हवा शिरली, तर थेट पुढच्या उन्हाळ्याची वाट बघायची. आणि भांड्यात एकच पदार्थ तयार होईल तर शपथ. चिकट, तपकिरी राळेसारख्या गोळ्यातून एकेक पदार्थ वेगळा करायचा आणि तो कोण हे ठरवायचे, तेही आजची यंत्रे नसताना, वितळणबिंदू, वजन आणि स्फटिकांचा आकार यांच्या भरवशावर.

उन्हात ठेवलेली वस्तू तापतेही. मग बदल घडला तो प्रकाशामुळे की उष्णतेमुळे? शिवाय सूर्यप्रकाशात सगळे रंग असतात, त्यांतला कोणता काम करतो? यासाठी त्यांनी भांड्यांभोवती रंगीत द्रावणांचे आवरण केले. काही भांड्यांना निळाच प्रकाश मिळेल, काहींना तांबडाच, अशी व्यवस्था. निळ्या-जांभळ्या प्रकाशातली रसायने बदलली, तांबड्या प्रकाशातली बहुतांशी होती तशीच राहिली. याचे कारण आज शाळेच्या पुस्तकात सापडते. प्रकाश ऊर्जेच्या सुट्या पुडक्यांनी येतो, आणि निळ्या प्रकाशाचे पुडके तांबड्यापेक्षा वजनदार असते. रेणूतला बंध हलवायला एका पुडक्याचा जोर पुरला तरच काम होते. हलक्या पुडक्यांचा कितीही वर्षाव केला तरी साधारणपणे उपयोग नसतो. मॅक्स प्लांक आणि आइन्स्टाइन यांच्या कल्पना तेव्हा नुकत्या कुठे मांडल्या जात होत्या. रसायनशास्त्रज्ञांच्या रोजच्या वापरात त्या आल्या नव्हत्या. चामिचान यांच्यापाशी निरीक्षण होते, हिशेबाची चौकट नव्हती.

त्यांच्या काही प्रयोगांचे पडसाद फार उशिरा उमटले. कार्व्होन हा बाळंतशेपेच्या तेलातला मुख्य वासाचा पदार्थ. तो उन्हात ठेवल्यावर त्यांना कापरासारखा एक नवा स्फटिक मिळाला, आणि १९०८ मध्ये त्यांनी त्याची रचना सुचवली. एका रेणूचे दोन दुहेरी बंध एकमेकांना चिकटून चार अणूंचे चौकोनी कडे तयार झाले असावे, असे त्यांचे म्हणणे होते. ही रचना १९५७ मध्ये पक्की ठरली, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांनी. दुसरा प्रयोग ऑर्थो-नायट्रोबेंझाल्डिहाइडचा, १९०१ चा. प्रकाश पडताच या रेणूतला ऑक्सिजन शेजारच्या गटावर उडी मारतो. याच घराण्यातल्या रसायनांचा उपयोग पुढे जीवशास्त्रात झाला. एखादे द्रव्य रासायनिक कुलूप लावून पेशीत ठेवायचे आणि प्रकाशाच्या झोताने नेमक्या क्षणी कुलूप उघडायचे, ही युक्ती. डीएनएच्या चिपा बनवतानाही अशीच प्रकाशाने निघणारी झाकणे वापरली गेली.

यात सगळे गोडीगुलाबीचे होते असे नाही. सिसिलीचे एमानुएले पातेर्नो हेही याच सुमारास प्रकाशाच्या रसायनशास्त्रात काम करत होते. त्या काळी एखादा विषय पहिल्यांदा हाती घेणाऱ्याने तो आपल्यासाठी राखून ठेवावा अशी रीत होती. चामिचान-झिल्बर यांचीही तशी अपेक्षा होती. पातेर्नो यांना ती मान्य होण्याचे कारण नव्हते. त्यांनी आपले काम चालू ठेवले, आणि १९०९ मध्ये त्यांनी नोंदवलेली एक अभिक्रिया आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. विषय राखून ठेवण्याची ही अपेक्षा चामिचान यांच्यासारख्या मोकळ्या मनाच्या माणसाला फारशी शोभत नव्हती.

गच्चीवर बाटल्या तापत असताना खाली बागेतही काम चालू होते. चिरो राव्हेन्ना या तरुण सहकाऱ्याबरोबर चामिचान वनस्पतींच्या शरीरात वेगवेगळी रसायने घालून पाहत. झाड त्यांचे काय करते, कशात बदल करते, तंबाखूच्या पानातल्या निकोटिनसारखी द्रव्ये कशासाठी बनवते, हे प्रश्न होते. झाड हा त्यांच्या लेखी एक कुशल रसायनशास्त्रज्ञ होता. पुढे राव्हेन्ना पिसा विद्यापीठात कृषी रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. ते ज्यू होते. १९३८ च्या वंशभेदी कायद्यांनी त्यांची नोकरी गेली, आणि १९४४ मध्ये आउश्वित्सच्या छळछावणीत त्यांचा अंत झाला.

चामिचान यांना प्रयोगाबाहेरचेही दिसत होते. इटलीकडे स्वतःचा दगडी कोळसा जवळपास नव्हताच. कारखाने, रेल्वे, गॅसचे दिवे, सगळे आयात कोळशावर, मुख्यतः ब्रिटनहून येणाऱ्या, चालत असे. १९०३ मध्ये बोलोन्या विद्यापीठाच्या वर्षारंभाच्या व्याख्यानात त्यांनी नव्या शतकापुढचे रसायनशास्त्राचे प्रश्न मांडले, तेव्हा ऊर्जेचा प्रश्न त्यात होताच. १९१० मध्ये ते इटलीच्या सिनेटचे सदस्य झाले. पण त्यांचे जे भाषण आज आठवले जाते ते इटलीत झाले नाही.

सप्टेंबर १९१२ मध्ये अमेरिकेत उपयोजित रसायनशास्त्राची आठवी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ११ सप्टेंबरला न्यूयॉर्कमध्ये चामिचान बोलायला उभे राहिले. विषय होता प्रकाशरसायनशास्त्राचे भवितव्य. त्याच महिन्यात ‘सायन्स’ साप्ताहिकाने ते छापले.

त्यांनी सुरुवात हिशेबाने केली. दगडी कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांनी साठवून ठेवलेले ऊन. १९०९ मध्ये युरोप आणि अमेरिकेत मिळून दगडी कोळसा आणि लिग्नाइट असे सुमारे ११० कोटी टन खणले गेले. ही पुंजी वापरायची किती दिवस? दुसऱ्या बाजूला रोज पडणारे ऊन. उष्ण प्रदेशातला १०,००० चौरस किलोमीटरचा तुकडा, म्हणजे साधारण आपल्या सातारा जिल्ह्याएवढा, दिवसाला सहा तास ऊन धरले तर वर्षाला ३६५ कोटी टन कोळसा जाळण्याइतकी उष्णता घेतो. साठ लाख चौरस किलोमीटरच्या सहाराच्या वाळवंटावर तर रोज ६०० कोटी टन कोळशाएवढी ऊर्जा पडते. आकडे ऐकून श्रोते थक्क झाले असतील, पण त्यांचा मुद्दा आकड्यांपुरता नव्हता.

ऊन नुसते पाणी तापवायला वापरणे त्यांना पुरेसे वाटत नव्हते. ऊन रात्री नसते, ढगाळ दिवशी नसते, आणि जिथे भरपूर असते तिथे कारखाने नसतात. म्हणून त्याला इंधनाच्या रूपात बांधून ठेवायला हवे, जसे झाड ठेवते. योग्य उत्प्रेरक सापडले तर पाणी आणि कार्बन डायऑक्साइडपासून ऑक्सिजन आणि मिथेन मिळवता यावे, किंवा ऊर्जा साठवणाऱ्या अशाच दुसऱ्या अभिक्रिया घडवता याव्यात, असे त्यांनी सांगितले. प्रकाशावर चालणाऱ्या विद्युतघटाचाही त्यांनी उल्लेख केला. ओसाड माळरानांवर काचेच्या नळ्या पसरलेल्या, धुराडी नसलेल्या वसाहती उभ्या राहतील, असे चित्र त्यांनी रंगवले. सुपीक जमीन शेतीसाठी ठेवून ही कामे वाळवंटात करावीत, ही सूचना आज सौर प्रकल्पांच्या जमिनींवरून होणारे वाद पाहता विशेष लक्षात राहते.

भाषणातला सर्वांत बोचरा मुद्दा मात्र वेगळा होता. कोळसा संपेपर्यंत थांबायचे आणि मग नाइलाजाने उन्हाकडे वळायचे, हे त्यांना मान्य नव्हते. उद्योगांनी आजच सुरुवात करावी, असे ते म्हणत होते. समोर बसले होते कोळशावर उभ्या असलेल्या रसायन उद्योगाचे धुरीण.

याच परिषदेत जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीचे ऑगस्ट बेर्न्टसेन यांनी कृत्रिम अमोनियाविषयी व्याख्यान दिले. फ्रिट्झ हाबर यांच्या शोधावर आधारलेली ही प्रक्रिया. हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन प्रचंड दाबाखाली एकत्र आणायचे. त्यासाठी हायड्रोजन लागतो तो पाण्यातूनच काढायचा, पण कसा? तापून लाल झालेल्या कोकवर वाफ सोडून. म्हणजे पाण्यातला हायड्रोजन सोडवण्याचे दोन मार्ग एकाच परिषदेत समोरासमोर आले होते. एकात कोळसा पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि जळून जातो, दुसऱ्यात तेच काम उन्हाने व्हायचे. पहिल्या मार्गाचा कारखाना वर्षभरात, सप्टेंबर १९१३ मध्ये, ओपाऊ येथे सुरूही झाला. दुसऱ्याकडे दाखवायला गच्चीवरच्या बाटल्या होत्या. आज जगातला बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळशापासूनच तयार होतो. नैसर्गिक वायूपासून तो काढताना एका किलोमागे साधारण नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

इथे चामिचान यांची खरी अडचण समजून घ्यायला हवी, कारण ती केवळ पैशाची किंवा उद्योगपतींच्या आडमुठेपणाची नव्हती. क्विनोन आणि अल्कोहोलच्या प्रयोगात हायड्रोजन उतारावरून घरंगळत जातो. अल्कोहोलकडून क्विनोनकडे जाण्यात त्याचा फायदाच असतो, प्रकाश फक्त अडसर काढतो. गच्चीवरच्या बऱ्याचशा अभिक्रिया याच जातीच्या होत्या. पाण्याचे तसे नाही. पाण्यातला हायड्रोजन ऑक्सिजनपासून सोडवायचा म्हणजे गाडी घाट चढवायची. चढताना लागलेली ऊर्जा त्या दोन वायूंत साठते आणि हायड्रोजन जाळला की परत मिळते. चामिचान यांना हा फरक नेमका कळला होता. म्हणून तर त्यांनी ऊर्जा साठवणाऱ्या अभिक्रियांचा वेगळा उल्लेख केला. पण घाट चढवणारे इंजिन त्यांच्यापाशी नव्हते. शिवाय शुद्ध पाणी दृश्य प्रकाश जवळजवळ शोषतच नाही, तो आरपार निघून जातो. मध्ये कोणीतरी हवा, जो प्रकाश पकडेल आणि त्याचा जोर पाण्याला देईल. पानात ते काम हरितद्रव्य करते. माणसाच्या हाती काय होते, याचे उत्तर १९१२ मध्ये कोणाकडेच नव्हते.

मग युद्ध आले. इटली आणि जर्मनी विरुद्ध बाजूंना गेले आणि जर्मन झिल्बर यांच्याबरोबरचे काम तुटले. फ्रँक शुमन या अमेरिकी अभियंत्याने १९१३ मध्ये इजिप्तमधल्या मादी इथे आरशांनी ऊन गोळा करून पंप चालवून दाखवला होता. तोही प्रकल्प याच युद्धाने संपवला. युद्धानंतर खनिज तेल स्वस्त झाले आणि ऊर्जेसाठी उन्हाकडे वळण्याची निकड कोणाला उरली नाही. चामिचान यांचे जन्मगाव त्रिएस्ते युद्धानंतर इटलीत आले, तेवढे त्यांना पाहायला मिळाले. २ जानेवारी १९२२ रोजी बोलोन्यात त्यांचे निधन झाले. वय ६४. नोबेलसाठी त्यांचे नाव नऊ वेळा सुचवले गेले होते, पारितोषिक एकदाही मिळाले नाही.

घाट चढवणारे इंजिन सापडले ते रंगाच्या डब्यात. पांढऱ्या रंगात वापरतात ते टायटॅनियम डायऑक्साइड हे अर्धवाहक आहे. टोकियोत केनिची होंडा आणि त्यांचे विद्यार्थी अकिरा फुजिशिमा यांनी त्याच्या स्फटिकाचा विद्युतअग्र केला, तारेने तो प्लॅटिनमला जोडला आणि पाण्यात बुडवून त्यावर प्रकाश टाकला. स्फटिकावर ऑक्सिजनचे बुडबुडे आले, प्लॅटिनमवर हायड्रोजनचे. १९७२ मध्ये ‘नेचर’मध्ये हा निबंध आला आणि पुढच्याच वर्षी तेलाचे भाव भडकले. मग मात्र सगळ्यांना ऊन आठवले, अगदी चामिचान यांनी नको म्हटले होते तसे, नाइलाजाने. १९७५ मध्ये बोलोन्याच्याच विन्चेन्झो बाल्झानी यांनी सहकाऱ्यांसह प्रकाशाने पाण्याचे विघटन करून सौरऊर्जा साठवण्याविषयी निबंध लिहिला, तोही ‘सायन्स’मध्येच.

टायटॅनियम डायऑक्साइडची खोट अशी, की ते फक्त अतिनील किरण पकडते, आणि जमिनीवर पोहोचणाऱ्या उन्हात त्यांचा वाटा शेकडा चार-पाचच असतो. दुसरी खोट अधिक धोक्याची. उत्प्रेरकाची भुकटी नुसतीच पाण्यात ढवळली तर हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकाच भांड्यात, दोनास एक या प्रमाणात निघतात. एक ठिणगी पडली की स्फोट. ठिणगी पडली नाही तरी उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावरच हे दोन वायू पुन्हा एकत्र येऊन पाणी होतात, आणि चढवलेली गाडी परत खाली.

पान ही अडचण पातळ पडद्याने सोडवते. हरितद्रव्य ज्या पडद्यात बसवलेले असते त्याच्या एका बाजूला पाणी फुटून ऑक्सिजन सुटतो, आणि पाण्यातून निघालेले इलेक्ट्रॉन दुसऱ्या बाजूला सोपवले जातात. आज प्रयोगशाळांत प्रकाश-उत्प्रेरक पटले बनवण्याची जी धडपड चालू आहे ती याच धर्तीवर आहे. पटलाच्या एका अंगाला ऑक्सिजन काढणारा उत्प्रेरक, दुसऱ्या अंगाला हायड्रोजन काढणारा, आणि मधल्या थरातून हायड्रोजनचे भारित कण, म्हणजे प्रोटॉन, पलीकडे जातील पण वायू जाणार नाहीत अशी रचना. इंधनघटांत वापरतात ते नॅफिऑनसारखे प्लास्टिक मधल्या थरासाठी चालते. सांगायला हे सोपे आहे, पण पटल पाण्यात आणि उन्हात वर्षानुवर्षे टिकायला हवे, त्यातून प्रकाश जायला हवा, आणि ते स्वस्तही हवे.

जपानच्या काझुनारी दोमेन यांच्या गटाने वायू वेगळे करण्याचा दुसरा मार्ग वापरला. त्यांनी १०० चौरस मीटर पॅनेल उघड्यावर मांडली. आत अ‍ॅल्युमिनियम मिसळलेल्या स्ट्रॉन्शियम टायटॅनेटच्या उत्प्रेरकाचे थर, वर काच, आणि मध्ये पाण्यासाठी मिलिमीटरचा दहावा भाग एवढी फट. निघालेले मिश्र वायू नळीने एकत्र आणून पॉलिइमाइडच्या पटलातून गाळले आणि हायड्रोजन वेगळा केला. हे सयंत्र स्फोट न होता कित्येक महिने चालले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार पॅनेलवर पडलेल्या उन्हाच्या ऊर्जेतला जास्तीत जास्त ०.७६ टक्के भाग हायड्रोजनमध्ये साठला. किंमत परवडायची तर हा आकडा ५ ते १० टक्क्यांवर न्यावा लागेल, असा अंदाज आहे. बाकी ती मांडणी, काचेखालचे पाणी आणि वरून पडणारे ऊन, बोलोन्याच्या गच्चीवरून कोणीही ओळखली असती. त्या विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाला आता चामिचान यांचे नाव आहे.